अँजिओग्राफी क्लिअर आहे, मग आबांच्या पोटऱ्या का भरून येतात?

कागल तालुक्यातल्या एका मुलाने वडिलांबद्दल विचारलंय. घरी त्यांना आबा म्हणतात. वय 61, जन्म उसाच्या शेतीत गेलेला. सहा महिन्यांपूर्वी रात्री झोपेतून दम लागून उठले, ॲडमिट केलं, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग 30 टक्के निघालं. अँजिओग्राफी केली तर एकही ब्लॉकेज नाही. औषधांनी दम बराच कमी झाला, पण मळ्याकडची चढण लागली की पोटऱ्या भरून येतात, आणि हातपाय गार असतात. बीपी 100/64. मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून सांगितलं की यातल्या तीन गोळ्या बीपीच्या आहेत. मुलाचा प्रश्न असा: "आबांना बीपी कधीच नव्हतं, आता तर उलट कमीच आहे, मग त्या गोळ्या बंद कराव्यात का? त्यांना बसवून ठेवायचं की चालवायचं? आणि पाहुणे म्हणतात की शिरा साफ करायचं सलाईन मिळतं, ते लावावं का?"

आधी उत्तरं देतो. गोळ्या बंद करू नका. आबांना चालवा. सलाईन नको. आता यामागची कारणं, आणि ती जरा सविस्तर सांगतो, कारण हेच प्रश्न माझ्या ओपीडीत रोज कुणी ना कुणी विचारतं आणि गर्दीत उत्तर अर्धवट राहतं.

पंपिंगच्या आकड्याबद्दल एक गैरसमज पहिल्यांदा काढून टाका. 30 टक्के म्हणजे शंभरातले सत्तर गेले असं नाही. निरोगी हृदयसुद्धा प्रत्येक ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण 55 ते 70 टक्केच टाकतं. तेव्हा आबांचं हृदय निम्म्या ताकदीने चाललंय असं समजा. हे कमी आहेच, पण याच आकड्याचे दोन पेशंट शेजारी बसवले तर एक जण जिना चढून येतो आणि दुसऱ्याला अंघोळ करतानाही धाप लागते. हा फरक नुसत्या हृदयाने समजत नाही. तो बऱ्याच अंशी अंगभरच्या रक्तवाहिन्यांमध्ये असतो. आजाराचं नाव हार्ट फेल्युअर असल्यामुळे सगळ्यांचं लक्ष छातीकडे, आणि निम्मा आजार हातापायांत, पोटात, किडनीत चाललेला असतो. आबांच्या पोटऱ्या तेच सांगतायत.

मग अँजिओग्राफीत हे का दिसलं नाही? कारण ती तपासणी हृदयावरच्या मोठ्या धमन्यांची आहे. त्या दोन ते चार मिलिमीटर जाडीच्या असतात, त्यात डाय सोडला की कुठे अडथळा आहे ते दिसतं. पण कुठल्या अवयवाला किती रक्त जायचं हे ठरवतात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक धमन्या. त्या त्या फिल्मवर दिसतच नाहीत. शिवाय ती तपासणी हृदयाच्या धमन्यांची, पायांच्या नव्हे. "क्लिअर" याचा अर्थ मोठ्या वाटा मोकळ्या आहेत, एवढाच.

या बारीक धमन्यांचं गणित फार कडक आहे. नळीचा व्यास पाचव्या हिश्शाने कमी झाला तर प्रवाहाला होणारा विरोध पाचव्या हिश्शाने वाढत नाही, जवळपास अडीच पट होतो, कारण हे नातं व्यासाच्या चौथ्या घाताचं आहे. म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतका आकस या धमन्यांनी धरला तरी हृदयाला त्याचा मोठा भार पडतो. नदीवरची मोटर कमजोर झाली आणि त्याच वेळी कुणी शेतातले सगळे व्हॉल्व्ह अर्धे आवळून ठेवले, तर काय होईल हे शेतकऱ्याला सांगायला नको. फक्त इथे व्हॉल्व्ह आवळणारं दुसरं कुणी नाही, आबांचं शरीरच आहे.

शरीर असं का करतं? मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब मोजणारी ठिकाणं आहेत. त्यांना एवढंच कळतं की रक्ताचा जोर कमी झालाय. तो ऊस तोडताना कोयता लागून रक्त गेल्यामुळे झाला की हृदय कमजोर पडल्यामुळे, हा फरक त्यांना करता येत नाही. लाखो वर्षांच्या सवयीप्रमाणे शरीर जखम झाली असंच धरून चालतं. ॲड्रेनालिनच्या जातीची रसायनं सुटतात, किडनीतून रेनिन सुटून अँजिओटेन्सिन हे वाहिन्या आवळणारं रसायन तयार होतं, मीठ आणि पाणी धरून ठेवलं जातं, हातापायांच्या धमन्या आवळल्या जातात. जखमी माणूस यामुळे तासा-दोन तासांसाठी वाचतो. पण आबांच्या बाबतीत ही आणीबाणी महिनोन् महिने चालू राहते. हातपाय गार लागतात ते यामुळेच, आणि आवळलेल्या धमन्यांविरुद्ध रक्त ढकलून ढकलून थकलेलं हृदय आणखी थकतं.

इथपर्यंतची माहिती जुनी आहे. दुसरा भाग त्यामानाने नवा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. कित्येक वर्षं समजूत अशी होती की हा नुसता गुळगुळीत पापुद्रा आहे. 1980 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं की हे अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलिन या रसायनाने धमनी सैल होते, आणि अस्तर खरवडून काढलं की तेच रसायन तिला सैल करू शकत नाही. म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटतं. ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला. 1998 मध्ये फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फेरिड मुराद या तिघांना त्यासाठी नोबेल मिळालं. रक्ताचा प्रवाह वाढला की हे अस्तर तो घर्षणाने ओळखतं, वायू सोडतं आणि धमनी रुंद होते. तुम्ही चढण चढायला लागता तेव्हा पोटरीला जास्त रक्त मिळतं ते या यंत्रणेमुळे. हेच अस्तर आवळणारं रसायनही बनवतं. 1988 मध्ये जपानमधल्या मासाशी यानागिसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं, त्याचं नाव एंडोथेलिन. निरोगी माणसात या दोघांचा तोल असतो. हार्ट फेल्युअरमध्ये नायट्रिक ऑक्साइड कमी बनतं, बनलेलं लवकर नष्ट होतं, आणि एंडोथेलिन वाढतं.

हे मोजता येतं, आणि मोजण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. पेशंटला शांत खोलीत आडवं झोपवतात, एक हात बाजूला सरळ. कोपराच्या वर सोनोग्राफीचा प्रोब धरून धमनीचा व्यास मोजायचा, साधारण चार मिलिमीटर भरतो. मग त्याच हाताच्या मनगटाकडच्या भागावर बीपीचा पट्टा बांधून तो फुगवायचा, इतका की पुढचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला पाहिजे, आणि पाच मिनिटं तसाच ठेवायचा. हात पांढरा पडतो, मुंग्या येतात, पेशंट कुरकुरतो. पट्टा सोडला की अडलेलं रक्त जोरात धावतं, आणि मिनिटभरात वरची धमनी रुंद व्हायला हवी. निरोगी माणसात ती साधारण 5 ते 10 टक्क्यांनी रुंद होते. हार्ट फेल्युअरच्या बऱ्याच पेशंटमध्ये ती जेमतेम हलते. या धमनीत ब्लॉकेज नाही, तिचा हृदयाशी थेट संबंध नाही, ती हातातली आहे. तरी आजार तिथेही आहे. ही तपासणी आबांना करून घ्या असं मी म्हणत नाही. ती संशोधनासाठी आहे, तिने त्यांची एकही गोळी बदलणार नाही.

आता गोळ्या. वाहिन्या आवळल्यात तर त्या सैल करणारं औषध द्या आणि विषय संपवा, असं कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वाटलं होतं. 1986 मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीत प्राझोसिन हे वाहिन्या उत्तम सैल करणारं औषध दिलं, आणि त्याचा फायदा औषध नसलेल्या रिकाम्या गोळीइतकाच निघाला. त्याच चाचणीत हायड्रॅलझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ही जोडी दिलेले पेशंट मात्र जास्त जगले. पुढे एपोप्रोस्टेनॉल हे फार जोरदार औषध शिरेतून देऊन पाहिलं, तर मृत्यू वाढताना दिसले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. एंडोथेलिनला अडवणाऱ्या औषधांकडूनही फार आशा होत्या, पण हार्ट फेल्युअरमध्ये ती चालली नाहीत, पेशंटच्या अंगात पाणी मात्र साठलं. अमलोडिपिन ही बीपीची नेहमीची गोळी, तिने या पेशंटमध्ये नुकसान केलं नाही आणि आयुष्यही वाढवलं नाही.

यातून एक गोष्ट पक्की झाली. नळी जबरदस्तीने रुंद करून भागत नाही. नळी आवळायचा जो हुकूम शरीर सतत देतंय, तो हुकूम थांबवावा लागतो. 1987 मध्ये एनॅलाप्रिलची चाचणी झाली, तीही अगदी शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटवर. सहा महिन्यांत रिकामी गोळी घेणाऱ्यांपैकी 44 टक्के दगावले, एनॅलाप्रिल घेणाऱ्यांपैकी 26 टक्के. हे औषध अँजिओटेन्सिन बनू देत नाही. वाहिनी सैल होणं हा त्याच्या कामाचा एक भाग, पण त्याचबरोबर अस्तर सावरतं, हृदयाचा आकार वाढत जाणं थांबतं.

आबांच्या चिठ्ठीतल्या गोळ्या याच वाटेवरच्या आहेत. सॅक्युबिट्रिल आणि व्हल्सार्टनची जोडगोळी अँजिओटेन्सिनला अडवते आणि वाहिन्या सैल करणारे, मीठ बाहेर टाकणारे शरीराचे स्वतःचे संप्रेरक जास्त वेळ टिकू देते. 2014 च्या चाचणीत तिने एनॅलाप्रिलपेक्षाही सरस काम केलं, हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा ॲडमिट होणं मिळून 20 टक्क्यांनी कमी. मेटोप्रोलॉल ॲड्रेनालिनचा मारा थांबवते. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉन या मीठ-पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला अडवते, 1999 च्या चाचणीत तिने मृत्यू 30 टक्क्यांनी कमी केले. या तीन गोळ्यांनी बीपी थोडं उतरतं म्हणून मेडिकलवाल्याने त्यांना बीपीच्या म्हटलं, त्याचं सर्वस्वी चुकलं असंही नाही, त्याच्या कपाटात त्या त्याच खणात असतात. चौथी डापाग्लिफ्लोझिन, ती शुगरची म्हणून ओळखली जाते. शुगर नसलेल्यांनाही ती हार्ट फेल्युअरसाठी देतात, त्यामुळे "आबांना शुगर नाही" म्हणून तीही बंद करू नका. पाचवी लघवीची गोळी. ती त्रास कमी करते, सूज उतरवते, पण आयुष्य वाढवणाऱ्या त्या पहिल्या चार. गंमत म्हणजे पेशंटला जिचा गुण लगेच दिसतो ती लघवीचीच, त्यामुळे लोक ती प्रामाणिकपणे घेतात आणि बाकीच्यांची सुट्टी करतात.

बीपी 100 असणं ही आबांच्या बाबतीत घाबरायची गोष्ट नाही. 2014 च्या त्याच चाचणीत वरचं बीपी 100 असलेल्या पेशंटनाही घेतलेलं होतं. मी आकड्यापेक्षा पेशंटकडे बघतो. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? लघवी कमी झाली का? चालताना झोक जातो का? नसेल तर 100 चालेल, कित्येकांना 95 सुद्धा चालतं. असेल तर घरच्या घरी गोळी कापू नका, डॉक्टरांना फोन करा. पहिल्यांदा बघायचं असतं ते दुसऱ्याच कुठल्या औषधाने बीपी उतरतंय का. या वयात लघवी अडते म्हणून टॅम्सुलोसिन सुरू असते, ती एक नेहमीची. किंवा सूज केव्हाच उतरलीय आणि लघवीची गोळी अजून पहिल्याच डोसात चालू आहे, अंग कोरडं पडलंय. बऱ्याचदा एवढ्यानेच प्रश्न सुटतो. सगळ्या गोळ्या सकाळी चहाबरोबर एकदम न घेता काही सकाळी काही रात्री केल्या तरी फरक पडतो, वेळा मात्र डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जुलाब-उलट्या लागल्या, किंवा वैशाखात उन्हातान्हात काम करून पाणी कमी पडलं, तर त्याच दिवशी विचारा. अशा वेळी लघवीची गोळी, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. नवरात्राचा नऊ दिवसांचा कडक उपासही डापाग्लिफ्लोझिनवर असताना न विचारता धरू नये. आणि दर काही महिन्यांनी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) व पोटॅशियम तपासायचं, डोस बदलला तर एक-दोन आठवड्यांत. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलात होतं, तालुक्याच्या लॅबमध्येही होतं.

आतापर्यंत धमन्यांचं बोललो. शिरांकडे, म्हणजे रक्त हृदयाकडे परत आणणाऱ्या वाहिन्यांकडे, फारसं कुणी बघत नाही, आणि तिथे एक गोष्ट घरच्यांना माहीत असलेली बरी. अंगातलं साधारण दोनतृतीयांश रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतं, त्यातलं बरंचसं पोटात, यकृत आणि आतड्यांच्या आसपास. शरीराची आणीबाणी वाढली की या शिरा आवळतात आणि तिथलं रक्त छातीकडे सरकतं. बाहेरून थेंबभर पाणी वाढलेलं नसतं, वजनकाटा तोच आकडा दाखवतो, तरी फुप्फुसांवर भार येतो आणि दम लागतो. म्हणून रोज सकाळी लघवी करून, चहाआधी वजन करा हे तर मी सांगतोच, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच कळवा. पण वजन वाढलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. वाकून चपलेचा पट्टा लावताना किंवा म्हशीची धार काढायला पुढे झुकल्यावर अर्ध्या मिनिटात दम लागायला लागला, उशी एकाची दोन झाली, किंवा अर्ध्या भाकरीत पोट भरल्यासारखं व्हायला लागलं, तर तीही आतला भार वाढल्याचीच खूण आहे. पायाची सूज तर बऱ्याचदा उशिरा येते. नडगीवर अंगठा दाबून दहापर्यंत मोजा, खड्डा राहिला तर सूज.

आता पोटऱ्या. यात दोन शक्यता आहेत आणि दुसरी विसरू नका. पहिली म्हणजे मी वर सांगितलेली. चालायला लागल्यावर पोटरीच्या धमन्या जेवढ्या उघडायला हव्यात तेवढ्या उघडत नाहीत. त्यात या आजारात स्नायूही बदलतो, त्यातल्या केशवाहिन्या विरळ होतात, दमदारपणे काम करणारे तंतू कमी होऊन लवकर थकणारे वाढतात. मग थोड्या कामात स्नायू दमतो आणि दमलेला स्नायू मेंदूला कळवतो, त्यामुळे श्वासही वाढतो. म्हणजे दम लागण्याचं एक कारण चक्क पायात असतं. दुसरी शक्यता, पायाच्या मोठ्या धमनीतच ब्लॉकेज असणं. आबा तंबाखू खात किंवा बिडी ओढत असतील तर ही शक्यता जास्त धरावी लागेल. ठरावीक अंतर चाललं की एकाच पोटरीत कळ, उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत गायब, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा कळ, असं असेल तर ते वेगळं दुखणं आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांना पावलावरची नाडी बघायला सांगा, आणि घोट्याचं व हाताचं बीपी मोजून तुलना करायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

पहिलीच शक्यता असेल, तर तिच्यावरचं सगळ्यात चांगलं औषध चालणं हेच आहे. एकेकाळी हार्ट फेल्युअरच्या पेशंटला अंथरुणातून उठू देत नसत, आणि ती सवय आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. सून पाण्याचा तांब्या हातात देते, मुलगा मळ्याची किल्ली काढून घेतो. प्रेमापोटीच, पण पाय आणखी खराब होतात. 1996 मध्ये जर्मनीत झालेला एक छोटासा प्रयोग मला फार आवडतो. हार्ट फेल्युअरच्या पेशंटना रोज मुठीचा व्यायाम दिला, हातात काहीतरी धरून दाबायचं, बस्स. चार आठवड्यांत त्या हाताची धमनी वर सांगितलेल्या पट्ट्याच्या तपासणीत बरीच सुधारली. हृदय होतं तसंच होतं. मग व्यायाम थांबवला, आणि सहा आठवड्यांत धमनी पुन्हा पहिल्यासारखी. 1998 मध्ये लाइपझिगच्या डॉक्टरांनी सायकलचा व्यायाम सहा महिने देऊन पायांच्या वाहिन्यांमध्ये असाच फायदा दाखवला. 2009 ची मोठी चाचणी 2331 पेशंटची होती. तिने सांगितलं की औषधं नीट चालू असताना असा व्यायाम सुरक्षित आहे आणि रोजचं जगणं थोडं सुधारतं, आयुष्य वाढतं असं मात्र ठामपणे दिसलं नाही. तेव्हा चालण्याने सगळं बरं होईल असं मी आबांना सांगणार नाही. मळ्याची चढण कमी त्रासाची होईल, हे सांगेन.

ते सहा आठवडे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा असतो. जूनमध्ये पाऊस लागला की कोल्हापुरात रंकाळा तलावावर चालायला येणाऱ्यांची गर्दी पातळ होते, गावाकडे तर चिखलात पाऊल ठेवायची सोय नसते, आणि ऑगस्टमध्ये हेच पेशंट "पुन्हा पहिल्यासारखं व्हायला लागलंय" म्हणून येतात. पावसात घरातल्या सोप्यातून अंगणाच्या पडवीपर्यंत फेऱ्या मारा, एखाद्या पायरीवर चढ-उतार करा, खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा, रबरी चेंडू मुठीत दाबत टीव्ही बघा. उघडीप असेल तेव्हा सपाट रस्त्यावर सुरुवात करा, दिवसातून दोन-तीनदा, आठ-दहा मिनिटं, जेवणानंतर लगेच नको. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना वाक्य तुटायला लागलं तर वेग जास्त झाला. दर आठवड्याला थोडा वेळ वाढवा. चढण शेवटी, जोतिबाच्या पायऱ्या तर त्याच्याही नंतर. कोल्हापूर असल्यामुळे आणखी एक सांगावं लागतं, तरुणपणी तालमीत गेलेले पेशंट व्यायाम म्हटलं की थेट जोर-बैठकांवर येतात. श्वास रोखून जोर लावला की धमन्यांमधला दाब एकदम चढतो आणि कमजोर हृदयाला तो पेलत नाही. आबा पैलवान असतील तर त्यांना हे जरा ठामपणे सांगा. बसल्या जागी दम लागत असेल, सूज वाढत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्या दिवसांत व्यायाम बंद.

खाण्याचं थोडक्यात. मीठ दिवसाला एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम, त्यात सगळं आलं. त्याहून फार खाली, अळणी जेवणावर नेण्याचा हट्ट मी धरत नाही. 2022 मध्ये आलेल्या चाचणीत मीठ अगदी कमी करून मृत्यू किंवा ॲडमिट होणं कमी झालं नाही, आणि अळणी जेवणाने म्हातारी माणसं जेवणच सोडतात. तांबडा-पांढरा कायमचा बंद करा असं मी कुणाला सांगत नाही, कोल्हापुरात ते कुणी ऐकतही नाही. पण मटणाचे चार तुकडे आणि वाटीभर रस्सा वेगळा, आणि पंगतीत बसून वाट्यामागून वाट्या ओरपणं वेगळं. रस्सा म्हणजे मीठ आणि पाणी दोन्ही एकदम. पापड, लोणचं, मिसळीवरचं फरसाण यांचा हिशेब कुणी करत नाही, तोही करा. मीठ कमी करायचं म्हणून बाजारातलं लो-सोडियम मीठ मात्र आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, आणि आबांच्या दोन गोळ्या पोटॅशियम वाढवणाऱ्याच आहेत. रोज शहाळं पाजण्याबद्दलही तेच. तंबाखू, मग ती बिडीतली असो, चुन्याबरोबरची असो की मिश्री, निकोटिन अंगात गेलं की ॲड्रेनालिन सुटतंच. एका हाताने मेटोप्रोलॉल द्यायची आणि दुसऱ्या हाताने पुडी सोडायची, याला अर्थ नाही.

अंगदुखीच्या गोळ्यांकडे फार लक्ष ठेवा. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या, किंवा कंबर धरली म्हणून गावात मारून घेतलेलं इंजेक्शन. किडनीच्या बारीक धमन्या उघड्या ठेवणारी जी रसायनं शरीर बनवतं, तीच ही औषधं थांबवतात. आबांच्या बाकीच्या गोळ्यांसोबत त्या चार दिवस घेतल्या तरी अंगात मीठ-पाणी साठतं, क्रिएटिनिन चढतं. महिनोन् महिने छान असलेला पेशंट अचानक सुजून आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो. दुखलंच तर पॅरासिटामॉल.

आणि पाहुण्यांचं सलाईन. शिरा साफ करणारं म्हणून जे लावतात त्यात बहुधा कॅल्शियम धरून बाहेर काढणारं रसायन असतं. आबांच्या हृदयाच्या धमन्यांत ब्लॉकेजच नाही, मग साफ काय करणार? आवळलेली धमनी आणि बिघडलेलं अस्तर धुऊन निघत नसतं. शिवाय सलाईनचा स्वतःचा धोका आहे. साध्या सलाईनच्या 500 मिलीच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे आबांचा जवळपास दिवसभराचा वाटा अर्ध्या-पाऊण तासात थेट रक्तात. अशक्तपणा वाटतोय म्हणून गावात लावतात त्या सलाईनलाही हेच लागू आहे. अशक्तपणाच असेल तर रक्तातलं लोह तपासा, फेरिटिनसह (त्यातून लोहाचा साठा कळतो). हार्ट फेल्युअरमध्ये लोह कमी असणं फार आढळतं, हिमोग्लोबिन बरं असलं तरी असतं, आणि ते शिरेतून दिलं की पायातली ताकद बऱ्याच जणांना परत मिळते. बिटाच्या रसाचंही कुणीतरी सांगेलच. बिटातल्या नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं हे खरं, पण त्यातून हार्ट फेल्युअरचे पेशंट बरे होतात असं दाखवता आलेलं नाही. कोशिंबिरीत खावं, औषध म्हणून तांबेच्या तांबे पाजू नये.

शेवटी दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नव्हत्या. औषधं पूर्ण डोसात निदान तीन महिने झाल्यावर इको पुन्हा करायचा असतो. पंपिंग तेव्हाही 35 टक्के किंवा त्याखाली राहिलं तर ईसीजी बघून हृदयात बसवायच्या उपकरणाचा विचार करावा लागतो. आबांना सहा महिने झालेत, तेव्हा हा इको झाला नसेल तर या महिन्यात करून घ्या. आणि ब्लॉकेज नसताना पंपिंग एवढं कमी होण्यामागे दारू, थायरॉइड, जुना व्हायरल ताप अशी कारणं शोधतात, तसंच ते काही घराण्यांत वारशाने येतं. आबांच्या भावंडांमध्ये किंवा आधीच्या पिढीत कुणी कमी वयात अचानक गेलं असेल तर डॉक्टरांना सांगा. तसं कुणी नसलं तरी त्यांच्या सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा, म्हणजे तुमचाही, एकदा ईसीजी आणि इको व्हायला हवा, त्रास काही नसला तरी.